ग्रामीण आरोग्य संशोधकांचं संयुक्त प्रशिक्षण : कामाचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

दोन-तीन वैद्यकीय महाविद्यालयं, गावात मुरलेली एखादी स्वयंसेवी संस्था आणि जिल्ह्याची आरोग्य यंत्रणा एकत्र येऊन संशोधकांचं प्रशिक्षण सुरू करतात, तेव्हा क्रम बहुतेक ठिकाणी ठरलेला असतो. आधी एमओयूवर (सामंजस्य करारावर) सह्या, मग उद्घाटन, मग व्याख्यानं, आणि उरलेल्या तीन महिन्यांत विषय, गाव आणि एथिक्स कमिटीची (संशोधन नैतिक चौकटीत बसतं का हे तपासणाऱ्या समितीची) परवानगी यांची धावपळ. वर्षअखेरीस प्रमाणपत्रं छापून तयार असतात, पण पुरा झालेला अभ्यास एकही नसतो.

खालचे टप्पे हा क्रम उलटा करतात. धरलेला आकार असा : तीन ते पाच संस्था, बारा ते सोळा प्रशिक्षणार्थी, सहा-आठ महिन्यांची पूर्वतयारी आणि त्यानंतर एक वर्षाचं प्रशिक्षण. पूर्वतयारीचा काळ ऐकून निधी देणारे कुरकुरतात. त्यांना टप्पा ३ आणि ४ वाचायला द्यावेत.

## टप्पा १ : आधी प्रश्न, मग प्रदेश, शेवटी संस्था

‘आदिवासी आरोग्य’ किंवा ‘ग्रामीण-शहरी दरी’ हा प्रश्न नव्हे, ते खात्याचं नाव झालं. प्रश्न असा हवा, की ज्यात कोणाची तुलना कोणाशी, कोणत्या बाबतीत, हे एका वाक्यात सांगता येईल. उदाहरणार्थ : एकाच तालुक्यात डांबरी रस्त्यावरच्या गावांतल्या आणि पावसाळ्यात तुटणाऱ्या पाड्यांतल्या गरोदर बायकांना चार तपासण्या मिळण्यात किती फरक आहे? असे पाच-सहा प्रश्न जमले, की प्रदेश ठरवायला घ्या.

प्रदेश म्हणजे जिल्हा किंवा विद्यापीठाचं कार्यक्षेत्र असं गृहीत धरलं जातं आणि पहिली चूक इथेच होते. प्रदेश रुग्णाच्या वाटेवरून ठरवा. सिरोंच्याचा माणूस उपचारासाठी गडचिरोलीपेक्षा तेलंगणाकडे सहज वळतो. दोडामार्ग-सावंतवाडीकडचे रुग्ण बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात जातात. धडगाव-अक्कलकुव्यातली कुटुंबं मजुरीसाठी गुजरातेत असतात. बीडच्या ऊसतोड बाईचा ‘प्रदेश’ तर सलग नकाशावर मावतच नाही : वर्षातले काही महिने तिचं गाव, उरलेले पश्चिम महाराष्ट्र किंवा बेळगाव भागातल्या साखर कारखान्याचा तळ. या बायकांच्या गर्भपिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. त्यावर फक्त बीडमधल्या संस्थांनी संशोधक तयार केले, तर बाईच्या आयुष्यातला अर्धा भाग कोणाच्याच वहीत येणार नाही. इथे कारखान्याच्या पट्ट्यातली एक संस्था भागीदार हवीच.

आता संस्था निवडा, त्यासुद्धा भूमिकेप्रमाणे :

1. गावात अनेक वर्षं टिकून असलेली आणि तिथली बोली येणारी संस्था.
2. संशोधनपद्धती आणि संख्याशास्त्र शिकवू शकणारा विभाग.
3. सरकारी आरोग्य यंत्रणा : किमान जिल्हा आरोग्य अधिकारी आणि एक तालुका आरोग्य अधिकारी.
4. निदान आणि उपचार करू शकणारं रुग्णालय किंवा प्रयोगशाळा.

पाच वैद्यकीय महाविद्यालयांचे पाच पीएसएम (सामाजिक वैद्यकशास्त्र) विभाग एकत्र आले, तर दुसरी भूमिका पाच वेळा भरते आणि पहिली रिकामी राहते. हे सहकार्य कागदावर फार भारदस्त दिसतं, गावात मात्र त्याला दार उघडायला कोणी नसतं.

तपासा : पहिल्या भूमिकेतल्या संस्थेच्या माणसाने तुमचा प्रश्न वाचून ‘हा प्रश्न असा विचारू नका’ असं किमान एकदा म्हटलं का? म्हटलं नसेल, तर बहुधा त्याला प्रश्न नीट दाखवलेलाच नाही.

## टप्पा २ : सह्यांआधी चार लेखी उत्तरं

एमओयूच्या ठरीव मसुद्यात ‘परस्पर सहकार्य’ आणि ‘ज्ञानाची देवाणघेवाण’ असतं. भांडणं होतात ती त्यात नसलेल्या गोष्टींवर. म्हणून एमओयूला दोन पानांची पुरवणी जोडा आणि तिच्यात पुढच्या चार गोष्टींची उत्तरं लिहून घ्या.

पैसा कोणाच्या खात्यातून कसा जाईल? निधी परदेशी असेल, तर इथे मोठा खड्डा आहे. एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० साली झालेल्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने घेतलेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेकडे वळता करता येत नाही, दुसऱ्या संस्थेची एफसीआरए नोंदणी असली तरीही. ‘मुख्य संस्था पैसे घेईल आणि भागीदारांना वाटेल’ ही जुनी रचना त्यामुळे बाद झाली. एक तर प्रत्येक भागीदाराने देणगीदाराशी स्वतंत्र करार करावा, नाहीतर मुख्य संस्थेने खर्च स्वतःच करावा. शिवाय प्रशासकीय खर्चाची मर्यादा त्याच दुरुस्तीने ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली आहे. समन्वयकांचे पगार कोणत्या शीर्षाखाली धरायचे, हे निधीसाठी अर्ज करण्याआधीच सनदी लेखापालाला विचारा. निधी देशी असेल, तर हा परिच्छेद सोडून द्या.

विदा (गोळा केलेली माहिती, डेटा) कोणाची? कच्ची विदा कुठे साठवणार, नावं आणि उत्तरं वेगळी कोण करणार, किती वर्षांनी नष्ट करणार, आणि भागीदार संस्थेला आपल्या गावांची विदा मागायला परवानगी लागेल का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असंच असायला हवं. ज्या संस्थेने गाव उघडून दिलं, तिला त्याच गावाची माहिती मिळवायला ईमेल करत बसावं लागतं हे मी नको तितक्या वेळा पाहिलं आहे.

लेखावर नाव कोणाचं? वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे लेखकत्वाचे चार निकष आहेत : कल्पना, विदा किंवा विश्लेषण यांपैकी कशात तरी भरीव वाटा, मसुदा लिहिणं किंवा बौद्धिक सुधारणा करणं, अंतिम मजकुराला संमती, आणि सगळ्या कामाची जबाबदारी. चारही पूर्ण व्हावे लागतात. गावातले कार्यकर्ते बाहेर राहतात ते दुसऱ्या निकषापाशी, कारण मसुदा इंग्रजीत असतो आणि त्यांना तो दाखवलाच जात नाही. मसुदा मराठीत समजावून त्यांची दुरुस्ती नोंदवायची सोय केली, तर अडचण बरीचशी सुटते. उलट, विभागप्रमुखाचं नाव पदामुळे घालायचं नाही, हेही पुरवणीत लिहा. अवघड आहे, पण लिहा.

कोणी मधेच बाहेर पडलं तर? तिथल्या प्रशिक्षणार्थ्याचं काय आणि अर्धवट गोळा झालेल्या विदेचं काय, एवढी दोन उत्तरं पुरेत.

इशारा : परदेशी विद्यापीठ भागीदार असेल किंवा संशोधनाला परदेशी मदत असेल, तर आयसीएमआरमार्फत (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेमार्फत) आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी लागते. ती एथिक्स कमिटीच्या मंजुरीपेक्षा वेगळी असते आणि तिला वेळ लागतो. वेळापत्रकात तिला स्वतंत्र ओळ द्या.

## टप्पा ३ : वेळापत्रक गावाच्या वर्षावर बसवा

विद्यापीठाच्या सत्रांप्रमाणे आखलेलं वेळापत्रक गावात हमखास फसतं. जूनमध्ये प्रवेश, दिवाळीपर्यंत वर्ग, जानेवारी-फेब्रुवारीत सर्वेक्षण असा आराखडा टापटीप दिसतो. पण जानेवारीत धडगावच्या पाड्यांवर जा : कामाची माणसं गुजरातेत, घरी म्हातारी आणि काही मुलं. दिवाळीनंतर गेलेली ही माणसं होळीला परततात. बीडमधून ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि हंगाम संपेपर्यंत गावात अर्धी घरं बंद असतात. गडचिरोलीत मार्च-एप्रिल मोहफुलांचे आणि मे तेंदूपानाचा. त्या दिवसांत माणूस गावात असतो, पण पहाटेच रानात गेलेला. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला, की भामरागडचा रस्ताच तुटतो. जुलैत भाताची लावणी चालू असताना कोणीही अर्धा तास मुलाखत देणार नाही, आणि मागूही नये.

म्हणजे घरं कधी बंद असतात ते आधी लिहा, मग उरलेल्या फटीत क्षेत्रकाम बसवा. प्रत्येक निवडलेल्या गावासाठी एक पान करा आणि त्यावर बारा महिने आडवे मांडा. स्थलांतर, शेतीची कामं, रानातली कमाई, सण, आठवडी बाजाराचा वार, रस्ता बंद असण्याचा काळ. हे पान आशाताई आणि अंगणवाडीताई यांच्यासोबत भरा. तासाभराचं काम आहे, आणि पुढच्या वर्षभरात एवढं उपयोगी पान दुसरं नसेल.

दोन गोष्टी या पानावर सहसा राहून जातात. एक, आश्रमशाळा. शाळेच्या वयाच्या बऱ्याच मुली-मुलं निवासी शाळेत असल्याने घरोघरी फिरून त्यांची मोजणी कमी येते. किशोरींचा अभ्यास असेल, तर दिवाळी किंवा उन्हाळ्याच्या सुटीत घरी जा, नाहीतर आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाची परवानगी काढून शाळेत जा. दुसरी, खुद्द आजाराचा ऋतू. मेळघाटात बालकांचे मृत्यू आणि आजार पावसाळ्यात वाढतात. ऑगस्टमध्ये मोजलेलं कुपोषण आणि पुढच्या फेब्रुवारीत मोजलेलं कुपोषण शेजारी ठेवून ‘सुधारणा झाली’ म्हणणारे प्रबंध निघतात. त्यात सुधारलेला असतो तो महिना.

तपासा : ज्यांची तुलना करणार ती दोन्ही गावं एकाच ऋतूत मोजली जाणार आहेत का?

## टप्पा ४ : परवानग्या समांतर चालवा

दोन रांगा आहेत आणि दोन्हींत एकाच वेळी उभं राहायचं आहे.

एथिक्स कमिटीची रांग. आयसीएमआरची २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं अनेक केंद्रांच्या अभ्यासासाठी एका मुख्य समितीकडून सामाईक तपासणी करून घ्यायची मुभा देतात. चार संस्थांच्या चार समित्यांकडे वेगवेगळे अर्ज गेले, की चार वेगळ्या दुरुस्त्या येतात आणि एकाच अभ्यासाची चार संमतिपत्रं तयार होतात. म्हणून कोणती समिती मुख्य, हे एमओयूच्या वेळीच ठरवा आणि बाकीच्या संस्थांकडून तसं पत्र घ्या. समितीची आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदणी आहे आणि तिची मुदत चालू आहे, याची प्रत मागून घ्या. स्वयंसेवी संस्थेकडे स्वतःची समिती नसेल, तर भागीदाराच्या समितीचा आधार लेखी कराराने घेता येतो.

‘प्रशिक्षणाचा भाग म्हणून केलेला सराव आहे, परवानगी कशाला?’ हे वाक्य फार ऐकू येतं. निर्णय सोपा ठेवा. गोळा केलेली माहिती कुठेही छापण्याची, प्रबंधात घालण्याची किंवा परिषदेत मांडण्याची शक्यता असेल, तर आधी समितीकडे जा. काम झाल्यावर मागच्या तारखेची मंजुरी मिळत नाही. निव्वळ सराव असेल, तर सरावाचे कागद फाडून टाका, म्हणजे मोह राहत नाही. आणि अभ्यासात कोणताही उपचार किंवा कार्यक्रम देऊन परिणाम बघणार असाल, तर पहिली व्यक्ती सामील करण्याआधी क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडियात, म्हणजे सीटीआरआयवर, नोंदणी करा. १ एप्रिल २०१८ पासून तिथे मागाहून नोंदणी होत नाही.

प्रशासनाची रांग. उपकेंद्रं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांसाठी जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी आणि जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांसाठी जिल्हा शल्य चिकित्सक. अंगणवाड्यांसाठी बाल विकास प्रकल्प अधिकारी. आश्रमशाळांसाठी एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे प्रकल्प अधिकारी. वरून आलेलं पत्र खाली पोचलेलं नसतं असं समजूनच चाला आणि पत्राची छापील प्रत प्रत्येक पथकाच्या पिशवीत ठेवा.

गावाची परवानगी या दोन्ही रांगांपेक्षा वेगळी. पेसा क्षेत्रात (म्हणजे ग्रामसभेला विशेष अधिकार असलेल्या आदिवासी भागात) विषय ग्रामसभेसमोर मांडा. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखासारख्या गावात ग्रामसभा सर्वसहमतीने ठरवते. तिथे सरपंचाची सही आणून काम भागत नाही. ग्रामसभेत तीन गोष्टी सांगा : काय विचारणार, त्यातून गावाला काय मिळणार नाही, आणि निष्कर्ष कधी परत आणणार. दुसरी गोष्ट सांगायला सगळेच टाळतात. ती न सांगितल्यास लोक औषधं किंवा योजना येईल असं समजतात, आणि ती समजूत पुढच्या संशोधकाला निस्तरावी लागते.

## टप्पा ५ : प्रशिक्षणार्थी आणि मार्गदर्शक

निम्म्या जागा त्याच प्रदेशात राहणाऱ्या लोकांसाठी ठेवा : समुदाय आरोग्य अधिकारी, आरोग्यसेविका, संस्थांचे कार्यकर्ते, जिल्ह्यातल्या महाविद्यालयांचे समाजशास्त्र किंवा समाजकार्याचे पदवीधर. उरलेल्या जागा पदव्युत्तर विद्यार्थी आणि तरुण अध्यापकांना. पात्रतेत ‘इंग्रजीवर प्रभुत्व’ लिहिलं, की पहिल्या गटाचे अर्ज येतच नाहीत. एमडीच्या विद्यार्थ्यांना जिल्हा निवासी कार्यक्रमाखाली तीन महिने जिल्ह्यात काढावेच लागतात. त्या महिन्यांना आपल्या क्षेत्रकामाशी जुळवता आलं तर बघा.

प्रत्येकाला दोन मार्गदर्शक द्या, ते दोन वेगळ्या संस्थांतले, त्यांतला एक गावात काम करणारा. भेटी महिन्यातून एकदा, ठरलेल्या वारी. एवढं पुरतं.

इशारा : एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांनी कुटुंब दत्तक कार्यक्रमात घेतलेली घरं नमुना म्हणून वापरू नका. ती सोयीने निवडलेली, बहुतेक महाविद्यालयाजवळची आणि वारंवार तपासलेली घरं असतात. विषमता मोजायला त्यांच्याइतकी चुकीची घरं सापडणार नाहीत.

## टप्पा ६ : वर्ग कमी, पण नेमके

संशोधनाची मूलतत्त्वं वर्गात शिकवण्यात दिवस घालवू नका. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा ऑनलाइन पायाभूत अभ्यासक्रम आहे. तो प्रशिक्षणार्थ्यांनी आधीच पुरा करून यावा. इंग्रजी अडत असेल, तर मराठीतून शंकासत्र ठेवा. प्रत्यक्ष वर्गासाठी दोन आठवडे पुरतात आणि ते तीन विषयांवर खर्च करा.

उपलब्ध आकडे वाचणं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशभरात सुमारे ६ लाख ३७ हजार घरं होती, म्हणजे जिल्ह्यामागे सरासरी ९०० च्या आसपास. यातून जिल्ह्याचा अंदाज मिळतो, तालुक्याचा नाही. तरी ‘अमुक तालुक्यात इतके टक्के’ अशी वाक्यं प्रस्तावांत दिसतात. तसंच एचएमआयएसचे (सरकारी आरोग्य माहिती प्रणालीचे) आकडे आरोग्य संस्थेत नोंदलेल्या सेवांचे असतात. घरी झालेलं बाळंतपण त्यात निसटू शकतं. मेळघाटातल्या धारणीची बाई अमरावतीला किंवा नागपूरला दगावली, तर मृत्यू कोणत्या ठिकाणच्या नावावर मोजला, हे विचारल्याशिवाय दर काढू नका.

विषमता मोजणं. हा खरा गाभा. फळ्यावर हे उदाहरण सोडवून घ्या. समजा, एखादा आजार पाड्यांत ४० टक्के होता तो ३० झाला, आणि रस्त्यालगतच्या गावांत २० होता तो १२ झाला. फरक २० वरून १८ अंकांवर आला, म्हणजे दरी कमी झाली. गुणोत्तर मात्र २ वरून २.५ झालं, म्हणजे दरी वाढली. दोन्ही विधानं खरी. प्रशिक्षणार्थ्याने दोन्ही आकडे लिहायचे असा नियमच करा. एकच आकडा निवडणारा माणूस सहसा निष्कर्ष आधी ठरवून बसलेला असतो.

नमुन्याचा आकार. समजा प्रमाण ३० टक्के आणि चुकीची मुभा ५ अंक, म्हणजे अंदाज खऱ्या आकड्यापासून ५ अंक इकडेतिकडे झाला तरी चालेल. साध्या सूत्राने ३२३ व्यक्ती येतात आणि बहुतेक जण इथेच थांबतात. पण आपण गावं निवडतो आणि मग गावातली माणसं. एका गावातली माणसं एकमेकांसारखी असल्यामुळे आकडा वाढवावा लागतो. दुप्पट धरला तर ६४६, आणि दहा टक्के लोक भेटणार नाहीत असं धरलं तर ७१८. हे झालं एका गटाचं. दोन गटांची तुलना करायची, तर गणित वेगळं आणि आकडा बहुधा आणखी मोठा. त्यामुळे एकट्या प्रशिक्षणार्थ्याला पेलणारा प्रश्न कोणता, हे इथे कळतं, आणि तीन-चार जणांनी मिळून एक अभ्यास करायचा मुद्दाही आपोआप पुढे येतो. चार संस्था एकत्र आल्याचा फायदा खरा इथे आहे.

## टप्पा ७ : प्रश्नावली आणि बोली

मराठी प्रश्नावली तयार झाली म्हणजे भाषांतर झालं, असं मेळघाटात किंवा भामरागडमध्ये समजू नका. कोरकू, माडिया, पावरी, मावची, कोलामी बोलणाऱ्या बाईला प्रश्न विचारणारा जागेवरच भाषांतर करतो आणि प्रत्येक जण वेगळं करतो. म्हणून :

1. प्रश्न आधी बोलीत, देवनागरीत लिहून घ्या.
2. मूळ प्रश्न न पाहिलेल्या माणसाकडून ते परत मराठीत आणा.
3. दोन्ही मराठी मजकूर शेजारी ठेवून वाचा. अर्थ हलला असेल, तर प्रश्नच बदला.
4. अभ्यासात नसलेल्या गावात दहा-पंधरा जणांना विचारून बघा आणि प्रत्येकाला ‘तुम्हाला काय विचारलं असं वाटलं?’ हे विचारा.

चौथी पायरी वेळेअभावी वगळली जाते. वगळायचीच असेल तर बाकीच्यांपैकी कोणतीही वगळा. ‘गेल्या ३० दिवसांत’ सारखे प्रश्न इथेच उघडे पडतात. त्याऐवजी ‘मागच्या अमावास्येपासून’ किंवा ‘चार बाजारांपासून’ म्हटलं, की उत्तर येतं.

संमतिपत्रालाही हाच नियम. वाचता न येणाऱ्या व्यक्तीचा अंगठा घेताना पथकाबाहेरचा साक्षीदार हवा. मुलांबाबत पालकांची संमती तर लागतेच, शिवाय ७ ते १२ वयाच्या मुलाचा तोंडी आणि १२ ते १८ चा लेखी होकार घ्या.

मोबाइलवर माहिती भरण्यासाठी कोबो टूलबॉक्स किंवा ओडीके मोफत आहेत आणि रेंज नसतानाही चालतात. आधार क्रमांक कुठेही विचारू नका.

## टप्पा ८ : हात सारखे करा

दोन जण एकाच मुलाला मोजतात आणि दोन वेगळे आकडे आणतात. चार संस्थांचे सोळा जण मोजणार असतील, तर गावागावांतला फरक हा खरा फरक की मोजणाऱ्यांचा, हे नंतर कोणीच सांगू शकत नाही. म्हणून सराव एकत्र करा : एका अंगणवाडीत दहा मुलं, प्रत्येकाने प्रत्येक मूल दोनदा मोजायचं, पहिला आकडा लपवून. ज्याचे स्वतःचेच दोन आकडे जुळत नाहीत, त्याने आणखी सराव करायचा. ज्याचे आपसात जुळतात पण बाकीच्यांपेक्षा सारखेच वर किंवा खाली येतात, त्याची पद्धत चुकते आहे.

नेहमीच्या चुका : दोन वर्षांखालच्या मुलाला उभं करून मोजणं (आडवं मोजलेल्या लांबीपेक्षा उभी उंची सुमारे ०.७ सेंटिमीटर कमी भरते), दंडघेराची पट्टी आवळून धरणं, वजनकाटा उतरत्या ओट्यावर ठेवणं, वयासाठी आईच्या अंदाजावर थांबणं, बाळाचं कार्ड किंवा अंगणवाडीचं रजिस्टर न बघणं. हिमोग्लोबिनसाठी एका पथकाने बोटाचं आणि दुसऱ्याने शिरेतलं रक्त घेतलं, तर ती तुलना सोडून द्यावी लागते.

## टप्पा ९ : गावात

नमुन्यासाठी हाताशी असलेली यादी २०११ च्या जनगणनेची आहे आणि तिच्यात महसुली गावं आहेत. पाडे, टोले, वाड्या, तांडे वेगळे येत नाहीत. गाव निवडल्यावर पहिला दिवस फक्त नकाशाला द्या. सगळे पाडे चितारा आणि सर्वांत लांबच्या पाड्यापर्यंत चालत जा. तिथलं घर नमुन्यात आलं असेल, तर ते ‘बंद’ लिहिण्याआधी तीन वेगळ्या वेळी जाऊन या.

आशाताई वाट दाखवतील, ओळख करून देतील. पण मुलाखतीत त्यांना बसवू नका आणि मुलाखतकार म्हणून नेमू नका. ‘आशा घरी येते का?’ याचं खरं उत्तर त्यांच्यासमोर मिळत नाही. त्यांच्या वेळेचा मोबदला द्या. ही रक्कम एथिक्स कमिटीच्या अर्जात आधीच दाखवा.

थांबा, हे झाल्याशिवाय पथक पाठवू नका : गंभीर रुग्ण आढळला तर काय, याचा एक कागद प्रत्येकाकडे हवा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी किंवा दोन्ही पायांवर सूज दिसली, तर मुलाखत बाजूला ठेवून त्याच दिवशी आरोग्यसेविकेला कळवायचं. भूक नाही, सूज आहे किंवा मूल निपचित आहे, तर पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवायचं. १०८ कुठपर्यंत येते आणि त्यापुढे गाडी कोणाची, हे गावनिहाय लिहिलेलं असावं. चौथ्या भूमिकेतलं रुग्णालय कागदावर आहे की खरोखर आहे, ते अशा वेळी कळतं.

रोज संध्याकाळी अर्धा तास भरलेले फॉर्म पाहा. दुसऱ्या दिवशी पर्यवेक्षकाने दर वीसपैकी एका घरी पुन्हा जाऊन तीन-चार प्रश्न विचारावेत.

## टप्पा १० : विश्लेषण, परत जाणं आणि सुपूर्द करणं

विश्लेषणासाठी सगळ्यांना एकत्र एका ठिकाणी पाच-सहा दिवस बसवा. ऑनलाइन हे काम होत नाही. आर ही संख्याशास्त्राची संगणकप्रणाली मोफत आहे. महागड्या सॉफ्टवेअरची चाचणी प्रत घेऊन शिकलेला माणूस आपल्या तालुक्यात परतल्यावर अडतो.

छापण्याआधी छोट्या संख्या पाहा. ‘अमुक पाडा, १७ वर्षांची विवाहिता, सिकलसेलग्रस्त’ एवढ्या माहितीवर तिचं घर ओळखता येतं. पाड्याचं नाव काढा, वयाचे गट करा. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात (२०२३) संशोधनाला सवलत आहे, पण ती अटींसह. ओळख पटेल अशी विदा मोकळी सोडणं त्यात बसत नाही.

निष्कर्ष गावात परत न्या, लेख छापून येण्याची वाट न पाहता. एका पानाचा मराठी मजकूर, तीन आकडे, बोलीतून सांगणारा माणूस. ग्रामसभेत लोक आकड्यांवर हरकत घेतील. ती हरकत लिहून घ्या आणि शक्य तिथे पुन्हा तपासा. तालुका आरोग्य अधिकाऱ्याला वेगळं पान द्या. त्याला पाड्यांच्या क्रमाने लावलेली यादी लागते, टक्केवारीचे तक्ते नाहीत. इथे नावं द्यायची नाहीत, पाडा आणि कमी पडणारी सेवा एवढंच.

शेवटी पुढच्या तुकडीसाठी एक फोल्डर तयार करा : अंतिम प्रश्नावली बोलीसह, प्रत्येक प्रश्नाचं सांकेतिक कोष्टक (कोणत्या उत्तराला कोणता अंक दिला ते), गावांची बारामाही पानं, परवानग्यांच्या प्रती तारखांसह, ग्रामसभेत आलेल्या हरकती, आणि कोणती पायरी किती आठवडे लांबली त्याची नोंद. त्याची एक प्रत गावात काम करणाऱ्या संस्थेच्या कार्यालयात छापील स्वरूपात ठेवा. या प्रशिक्षणार्थ्यांपैकी दोघा-तिघांना पुढच्या वर्षी दुसरा मार्गदर्शक म्हणून घ्यायचं असेल, तर त्यांच्याशी प्रमाणपत्र वाटपाच्या आधी बोला, कारण त्यानंतरच्या महिन्यात ते बदलीवर किंवा दुसऱ्या नोकरीवर गेलेले असतात.